फरशीवरचा पेढा

अरुणा : हसताय, पोपटराव. फोटोत तुम्ही चक्क हसताय.

पोपट : सिस्टर म्हनल्या, हसा. हसलो.

अरुणा : आणि डॉक्टरांच्या खांद्यावर शाल! ज्यांच्या घट्ट प्लास्टरनं तुमच्या संघमित्राचा हात गेला म्हणून मी दोन वर्षं कोर्टात भांडतेय, त्यांचा तुम्ही सत्कार केलात. आणि हे मला कळतं त्यांच्या वकिलाकडून. उद्या तुमची उलटतपासणी असताना!

पोपट : तवा कुटं म्हाईत व्हतं हात गेलाय म्हनून? प्लास्टर घालून दुसऱ्या दिशी घरी सोडत व्हते. आमा कळंबोलीच्या डायवर लोकांत कसंय मॅडम, वाटंत गाडी बंद पडली आन् कुनी चालू करून दिली, की त्याचं तोंड गोड केल्याबिगर कुनी फुडं जात न्हाई.

अरुणा : मग मला का नाही सांगितलंत?

पोपट : लाज वाटली.

अरुणा : सव्वीस वर्षं हेच करतेय मी. चुकीची इंजेक्शनं, महाप्याच्या कारखान्यांत मशीनवर तुटलेली बोटं, पोटात राहिलेला कापूस. समोरच्या वकिलाला कधी घाबरले नाही. घाबरते ती माझ्याच माणसांच्या लाजेला. उद्या ते विचारतील, ‘उपचारांवर खूश होता म्हणूनच शाल दिलीत ना?’ काय सांगाल?

पोपट : व्हतो म्हनून सांगीन. खोटं कसं बोलू?

अरुणा : खोटं नकोच. पण मग... जरा ती पाण्याची बाटली द्या. छाती जळतेय माझी.

पोपट : हारलो तर पैशाबिगर तिचं आप्रेशन ऱ्हाईल, मॅडम. मोठे डॉक्टर म्हनले, लवकर केलं तर बोटं थोडी उघडतील.

अरुणा : माहीत आहे हो. म्हणूनच जळतेय.

(अरुणा फोटो खिडकीपाशी नेऊन उजेडात धरते.)

अरुणा : संघमित्रा डावखुरी आहे?

पोपट : न्हाई. म्हंजे, आता हाय.

अरुणा : मग पेढ्यांचा बॉक्स डाव्या हातात का? उजव्याला प्लास्टर आहे, पण बोटं बाहेर आहेत. केवढी फुगलीत बघा. आणि तिच्या चपलेजवळ फरशीवर हे काय पडलंय?

पोपट : पेढा.

अरुणा : कुणाच्या हातून पडला?

पोपट : तिच्या. डॉक्टरला भरव म्हनलं, उजव्या हातात दिला मी. तिला धरताच येईना. त्याच्या आदी धा येळा म्हनली व्हती, पप्पा लई दुखतंय.

अरुणा : डॉक्टरांनी पाहिलं?

पोपट : पायलं की. हसले. म्हनले, घाबरली पोरगी.

अरुणा : आणि त्याच दिवशीच्या डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय, ‘बोटांची हालचाल व्यवस्थित’. अहो, हा फोटो त्यांनी स्वतःहून दाखल केलाय! हे बघा, मी काही शिकवत नाही तुम्हाला. आत्ता जसं बोललात, तसंच उद्या बोला.

पोपट : बरं.

अरुणा : पेढा पडल्यावर तुम्ही काय केलंत?

पोपट : ते ऱ्हाऊ द्या.

अरुणा : उद्या ते राहू देणार नाहीत.

पोपट : खेकसलो तिच्यावर. येवढासा पेढा धरता येईना का तुला, म्हनलं. समद्यांसमोर. मग ती गप झाली. दोन दिस दुखतंय म्हनली न्हाई. दुसऱ्या दवाखान्यात प्लास्टर कापलं, तवर बोटं काळी.

अरुणा : पोपटराव, हेही सांगावं लागेल.

पोपट : सांगतो. पन तिला उद्या भायेर बसवा.

अरुणा : बसवते. आणि एवढं मनाला लावून घेऊ नका. दहा वर्षांची होती तेव्हा. तिला आठवतही नसेल.

पोपट : मॅडम, त्या दिशी काय काय झालं, हे तुमी तिला तीनदा इचारलं. बाकी समदं सांगितलं तिनं. पेढ्याचं एकदा तरी सांगितलं का?