चिमा कुठल्या आवाजाकडं गेली?

मायबाप, एक सांगा! अमक्याला हे गाणं आवडतं, तमक्याला ते — ही आवड येते कुठनं? ‘ज्याची त्याची आवड’ म्हणून आपण मोकळे होतो. खरंच ज्याची त्याची असते? ऐका! ओ खांबाजवळचे, सुपारी नंतर कातरा!

मोरेश्वरबुवा नावाचे एक पखवाजी होते. मूळचे तांबट, बाप हंडे-घागरी घडवायचा. पण पखवाजावर हात बसला आणि बुवांना हातोड्याची लाज वाटायला लागली! बायकोला, अन्नपूर्णेला, बजावलं — "तांबट आळीची ठोकाठोक या घरात नको! माझ्या लेकीच्या कानावर चांगलंच पडलं पाहिजे." तीही तांबटाचीच लेक! पण मान डोलावली आणि चुलीकडं वळली.

लेक चार वर्षांची, चिमा. बुवा तिला मांडीवर घेऊन पखवाज ऐकवायचे. पोर जांभया द्यायची! बुवा म्हणायचे, "समाधी लागते तिची!" — हसताय काय? तुमची नाही लागत, इथंच बसल्या बसल्या?

देवीची जत्रा आली. बुवा नारळ फोडताहेत, अन्नपूर्णा ओटी भरतेय. तिला वाटलं पोर बापाजवळ, बापाला वाटलं आईजवळ! वळून बघतात तर — चिमा नाही!

दोघं हाका मारायला लागले हो! "चिमेऽऽ!" पण इकडं पिपाण्या, तिकडं ताशे, वर कर्णा कोकलतोय. हाक जाणार कुठं? आणि पलीकडं नदी — दुथडी भरलेली!

"भजनाच्या मांडवात असेल, माझं रक्त आहे!" बुवा धावले. नाही! ताशेवाल्यांत? नाही! एक बाई म्हणाली, "हिरव्या परकराची पोर ना? घाटाकडं जाताना दिसली." बुवा नदीकडं पळत सुटले.

अन्नपूर्णेनं त्यांचा हात धरला. "अहो, घाटाच्या वाटेवर भांडीवाले बसलेत. तिथं बघू."

"तिथं कशाला जाईल ती?"

"रागावू नका... तुम्ही देवळात गेलात की मी पातेल्यावर पळी वाजवून निजवते तिला. ठण्-ठण्, ठण्-ठण्! आमच्या घरी पाळणा ऐरणीशेजारीच टांगायचे. अमावास्येला हातोडे बंद, की आळीतली सगळी पोरं रडायची! माझ्याकडं दुसरं गाणंच नाही हो!"

धावले दोघं. पायऱ्यांच्या अलीकडं शेवटचं दुकान. म्हातारा तांबट हंडा ठोकतोय, आणि शेजारी घागरीला टेकून चिमा गाढ झोपलेली!

"हळू!" म्हातारा म्हणाला. "हात थांबला की रडते. मघापासून एकच हंडा ठोकतोय, पार चेपला की तो!"

अन्नपूर्णेनं पोर उराशी धरली. पोर चाळवली, रडायला लागली. बुवांनी काय करावं? म्हाताऱ्याच्या हातातला हातोडा घेतला, आणि रडत रडत स्वतः ठोकायला बसले! पोर पुन्हा निजली.

मायबाप, त्या पळीत निदान माया होती, म्हणून पोर सापडली. आपण लेकरांना अभंग शिकवतो, पण घरात दिवसभर वाजतं काय? शिव्या? भावाभावांची भांडणं? आदळआपट? उद्या तुमचं लेकरू या जगाच्या जत्रेत हात सोडून गेलं, तर घर समजून कुणाच्या दारात जाऊन बसेल?

आणि तुम्ही — तुम्ही त्याला शोधायला कुठं जाल?