दोन ते आठ अंश

गुलूच्या इस्पितळात औषधाच्या खिडकीशी रांगेत लाकेरच्या पुढे एक म्हातारा उभा होता.

“कोमाकेचआजोबा, आजींची सांध्यांची इंजेक्शनं आली. घरी फ्रिज आहे?”

“माठ आहे. पाणी छान गार राहतं.”

“दोन ते आठ अंश लागतात, आजोबा. माठात औषध फुकट जाईल. फ्रिज नसेल तर देता येणार नाही.”

“अगं, तिची बोटं मिटत नाहीत. तिची बटणं मी लावतो, तीही वरखाली.”

“जवळ कुणाकडे असेल ना?”

“मेव्हणीकडे आहे. सोडा विकते. पण दोन वर्षं आमचं बोलणं नाही.”

“मग आज बोला. हा घ्या फोन.”

“...आदोंग, मी कोमाकेच. हो, अजून जिवंत आहे. तुझ्या ताईच्या औषधाला फ्रिजमध्ये जागा हवी होती. सहा डबे. ओरडू नकोस, ऐकू येतं मला. बरं. बरं.”

“काय म्हणाल्या?”

“शिव्या दिल्या.”

“आणि जागा?”

“सोड्याच्या बाटल्या बाहेर काढतेय. म्हणाली, मोटारसायकल पाठवते, उन्हात चालत निघू नका, दाजी.”

“चला, मग इथे अंगठा द्या.”

“दाजी म्हणाली,” म्हाताऱ्याने मागे वळून लाकेरला सांगितलं.