हुशार सॉफ्टवेअर

श्रीदेवी – अप्पा, सकाळधरून तुमी नुसतं ‘न्हाई, न्हाई’ म्हणायलाव. काय न्हाई ते तरी सांगा.

गुरुशांतप्पा – पयलंच बरं होतं म्हन्तो मी.

शरणबसव – पयलं सॉफ्टवेअर फुकटातलं हाय अप्पा. पिक्चरच्या मधोमध कंपनीचं नाव येतंय त्याच्यात. अक्काच्या तोंडावर, भावजींच्या तोंडावर, लग्न लावणाऱ्या अय्यांच्या तोंडावर. तुमीच म्हणलाव न्हवं, लग्न पोरीचं हाय का कंपनीचं?

गुरुशांतप्पा – मग दुसरं लाव.

शरणबसव – दुसऱ्याची डिस्क आपल्या प्लेअरवर चालंना. घरघर करून भायेर फेकायलाय. कितीदा सांगू? हे तिसरं, पुण्यात समदे हेच वापरायलेत. लग्नाची तुटलेली कॅसेट जोडून कंप्युटरमधी घेतली, त्या तीन तासाचा अर्ध्या तासाचा पिक्चर केला त्यानं, आपोआप. सुरवातीला फुलं, मागं गाणं. ह्याच्यात काय खोट हाय आता?

श्रीदेवी – गाणं तेवढं काढ रे शरणू. मी अंतरपाटाम्होरं उभी, अन् मागं इंग्रजी ढिंच्याक ढिंच्याक.

शरणबसव – काढतो. आणखी?

गुरुशांतप्पा – अर्धाच तास कामून? बाकीचं कुठं गेलं?

शरणबसव – बाकीचं खराब होतं. सॉफ्टवेअर हुशार हाय, हललेलं, अंधारलेलं, पाठमोरं समदं वळखून काढून टाकतंय. अप्पा, दोन दिवसाची सुटी घेऊन चिटगुप्प्याला आलो, दोन्ही दिवस ह्याच्यातच गेले. रातीच्या गाडीनं जायचंय मला. जीव वैतागलाय माझा.

श्रीदेवी – ओरडू नगंस त्यांच्यावर.

शरणबसव – मग काय करू? ह्यांना काय पायजे ते तर कळू दे.

गुरुशांतप्पा – तुझी अव्वा कुठाय ह्याच्यात?

शरणबसव – हाय की. नवरीची आई म्हणून अक्षता टाकताना हाय. पावण्यांसंगट फोटोला उभारलीय, तिथं हाय.

गुरुशांतप्पा – तशी तर ती भिंतीवर बी उभारलीय. कॅसेटमधी ती लई येळा यायची. ती गेल्यापासनं मी रोज बघायचो, कॅसेट प्लेअरमधी गुतून तुटस्तोवर.

श्रीदेवी – रोज? मला वाटायचं, तुमी माझं लगीन बघताव.

गुरुशांतप्पा – तुझं लगीन मी बघितलंय की. मीच लावून दिलो.

श्रीदेवी – शरणू, व्हय रे. कॅमेरा आला की अव्वा तोंडावर पदर ओढून पाठ फिरवायची. व्हिडिओवाला मागं मागं, ती म्होरं म्होरं. कवा हुग्गीची बादली घेऊन पंगतीत, कवा चुलीपाशी धुरात.

शरणबसव – म्हंजे पाठमोरी. अंधारात. हलत.

श्रीदेवी – अन् तुझ्या हुशारानं तेवढीच निवडून काढली.

शरणबसव – मी बघितलोच न्हाई गं. काय काढलं ते उघडून बी बघितलो न्हाई. थांबा. कापलेले तुकडे कंप्युटरमधी असतेत, पुसले न्हाईत अजून.

(शरणबसव काढून टाकलेले तुकडे एकामागून एक लावतो.)

श्रीदेवी – कसली झपाझपा चालायची ही.

गुरुशांतप्पा – मला मागं टाकून जायची. बाजाराला निघालो की कोपऱ्यावर जाऊन थांबायची, अन् वर मलाच इचारायची, कुठं ऱ्हायलाव म्हणून.

शरणबसव – अप्पा, हे तुकडे लग्नात मधी मधी जोडून देऊ का?

गुरुशांतप्पा – मधी नगं. लगीन येगळं ऱ्हाऊ दे, पावणेरावळे मागतेत. मला एका डिस्कवर एवढंच घालून दे. नुसतं खराब.

शरणबसव – मग हे तिसरं कामाचं न्हाई, ते परत छाटत बसंल. पयल्यातच करावं लागतंय. पण मधी कंपनीचं नाव येईल बघा.

गुरुशांतप्पा – येऊ दे की. नाव एका जागी बसतंय. तुझी अव्वा कुठं एका जागी बसायलीय?

शरणबसव – म्होरं फुलं टाकू? पिक्चरला नाव घालू काय तरी?

गुरुशांतप्पा – फुलं नगं, नाव नगं. बटण दाबलं की ती आली पायजे.

शरणबसव – अन् ह्या शेवटच्या तुकड्यात ती कॅमेऱ्यावर हात ठेवतीया बघा. समदा काळोख. मागनं नुसतं ऐकू येतंय, ‘बास कर की रे बाबा, जेवलास का तू?’ दिसत तर कायच न्हाई. हे तेवढं काढतो.

गुरुशांतप्पा – ऱ्हाऊ दे. तेवढंच बोललीय ती.