राक्षसाची शेपटी

सिनेमातल्या राक्षसावरून कधी विहीणबाईंचा हेवा वाटलाय तुम्हाला? मला वाटला.

नातीला तो राक्षस पहिल्यांदा मीच दाखवला होता. तो शेपटी आपटत आला, तशी ती घाबरून माझ्या पदरात शिरली. आता शाळेच्या फॅन्सी ड्रेसमध्ये ती तोच राक्षस होणार होती, म्हणून मी हिरवी शेपटी शिवली, जसोंडी गावच्या माझ्या भावाकडचा कापूस ठासून भरला आणि आदल्या संध्याकाळी लालबागला लेकीच्या सासरी घेऊन गेले.

नात म्हणाली, "नानी, ये तो पुराना वाला है! तिसऱ्या भागात त्याची शेपटी छोटी झाली, चौथ्यात गेलीच. आता पाठीवर काटे असतात."

"तुला कोणी सांगितलं गं?"

"दादीने. आम्ही पाचही भाग सोबत पाहिले."

तेवढ्यात विहीणबाई आतून पुठ्ठ्याचे चंदेरी काटे घेऊन आल्या. हसत म्हणाल्या, "ताई, डोळेपण निळे झालेत बरं का आता."

पाचही भाग, आणि तेही सोबत! माझा नुसता जळफळाट झाला.

"पालीची शेपटी तुटली तरी पुन्हा उगवते," मी फणकाऱ्याने म्हटलं. "एवढ्या मोठ्या राक्षसाची का नाही उगवणार?"

नात शेपटीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दादीचे काटे आणि माझी शेपटी, दोन्ही लावून शाळेत गेली. मॅडमनी विचारलं, "हा कितव्या भागातला?"

ती म्हणाली, "सहाव्या. तो अजून कोणीच पाहिला नाही. दादीनेपण नाही."