बाण वर होता

ऊन पाहा ना भाऊ, ऊन पाहा — अकरा नाई वाजले अजून, अन् रस्त्याचं डांबर चपलेले चिकटून राहिलं. काल चव्वेचाळीस होतं म्हणे, आज त्याच्यावर जाईन. वारा हाय, पण त्याले वारा कोण म्हणन, भट्टीचं तोंड उघडल्यावानी झळ येऊन राहिली. इथं निंबाखाली बसलो म्हणून बरं. दवाखान्यात कुलर हाय, पण त्याच्यासमोर जे बसले ते नंबर आला तरी उठत नाई. तुमी मघापासून अंदर पाहून राहिले — पाहा, मले राग नाई येत. दाराजवळ बसेल हाय ते, हिरवं लुगडं अन् वरून स्वेटर — हो, स्वेटरच — ती आमची दुर्गाबाई. माही बायको. तुमी हासले नाई, हे चांगलं केलं. ऑटोवाला हासला. म्हणे, बाबा, आजीले काश्मीरले नेऊन राहिले का. अशा माणसाले काय बोलाचं, त्याचं डोस्कंही त्याच्या ऑटोसारखंच, तीन चाकाचं. थंडी वाजते तिले, बस. घरात पंखा लावू देत नाई, मी अंगणात खाट टाकतो.

आजार? थायरॉइड. लोक असं म्हणतात जसं सर्दी म्हणून राहिले — अरे, थायरॉइड हाय का, आमच्या मावशीलेही हाय. दीड वर्स झालं, मले ते नीट समजलं नव्हतं, आज सकाऊनपर्यंत. गळ्यात असते म्हणे, फुलपाखराच्या आकाराचं. असन. पण गळ्याकडं पयले कोणाचं ध्यान नाई गेलं, पयले वजन वाढलं. अन् बाईचं वजन वाढलं का मंग प्रत्येकजण डॉक्टर. आमी नांदगाव पेठचे — आमच्या गल्लीत दहावी पास झालेली बाई शोधा लागते, पण इलाज विचारा. एक म्हणे मेथीदाणा भिजवून खा. एक म्हणे दुधीचा रस. एक माह्या तोंडावर म्हणे, भाऊजी, तुमची बायको चोरून खाते बरं. अन् जावई आमचा, धर्मेंद्र, अकोल्याले मास्तर हाय, दोन-दोन डिग्र्या — तो फोनवर म्हणे, मामाजी, आईले म्हणा जरा हातपाय हालवत जा. हातपाय. त्याच्या घरी जाऊन सव्वा महिना बाळंतपण केलं तिनं आमच्या पोरीचं, पिंकीचं, तवा ह्याचे हातपाय सोफ्यावर होते. मी म्हटलं, बरं बाप्पा. मी कोणाले उलटून बोलत नाई. मनात ठेवतो. मनात लय जागा हाय माह्या.

मी? मी कोणाच्या सांगण्यावर जाणारा माणूस नाई. मी मापाडी होतो, इथंच, अमरावतीच्या धान्यबाजाराच्या यार्डात — एकोणचाळीस वर्सं काट्यावर. शाळेत नाई गेलो, अक्षर मले एक नाई येत, पण आकडा — आकडा मले कोणी शिकवू नये. पोतं हमालाच्या पाठीवर असे अन् मी लांबून सांगो, दोन किलो कमी हाय, उतरव. निघेही तेवढंच. मोठेमोठे अडते माह्या डोळ्याले मानत. अन् त्याच डोळ्यासमोर ही अठ्ठावनची एकोणऐंशी झाली. एकवीस किलो, भाऊ. वजन हवेतून येत नाई. मालात माती असन, ओल असन, खडा असन, पण कुठून तरी आलं पाह्यजे ना. ती म्हणे, मी दोन भाकरी खातो, पयले खाओ तेवढंच. म्हणून मी — हे कोणाले सांगतलं नाई — मी पीठ तोललं. घरी लहान काटा हाय माहा, जुना. ती नळावर गेली का डब्बा तोलायचा, संध्याकाळी पुन्हा तोलायचा. ज्वारीचं पीठ, तेल, गूळ, शेंगदाणे — दीड महिना. निघालं काय? चिमणी खाते तेवढं खाते ती. मीच जास्त खातो. मंग मले त्या बायायचं हसू आलं — आपल्याजवळ माप हाय, त्यायच्याजवळ नुसतं तोंड. नाई, संशय नव्हता. संशय कायचा, मी फक्त तोललं. तुमी तोंड असं नका करू. विश्वास होता म्हणूनच — बरं, नव्हता. थोडासा नव्हता. पण काट्यानं तिच्या बाजूनं सांगतल्यावर मी मानलं का नाई? माणसायनं तर तेवढंही नाई केलं.

मंग पिंकीनं अकोल्याले नेलं. रक्त काढलं. तथचा डॉक्टर म्हणे, आजी, तुमचं थायरॉइड कमी पडून राहिलं. कमी. मी ह्या कानानं ऐकलं. इथं आलो, हा अंदरचा डॉक्टर, ह्यानं तोच कागद पाह्यला अन् म्हणे, बाबा, हे तर लय वाढेल हाय. आता मले सांगा — एकच बाई, एकच कागद, एक म्हणते कमी, एक म्हणते वाढलं. यार्डात असं झालं असतं तर दोन्हीतला एक काटा त्याच दिवशी सील केला असता. मंग मीच कागद पाह्यला. अक्षर नाई येत, पण चारपर्यंत पाह्यजे असं बारीक छापेल होतं अन् हिचा अडतीस, जाड शाईत. बाजूले बाण. बाण वर होता. बाणाले काई शाळा लागत नाई. म्हणजे वाढलं. अकोल्याचा बेवकूफ, हे ठरलं.

पण हाही शाहणा नाई निघाला. गोळी लिहून देल्ली ह्यानं. मी मेडिकलवाल्याले विचारलं, बाबू, ह्या गोळीत असते काय? तो म्हणे, बाबा, गळ्यात जे बनते ना, तेच असते ह्याच्यात. तेच. मी तथीच उभा राह्यलो, मागची लाइन खोळंबली. मले शुगर हाय, बारा वर्सं झाले. शुगर वाढली तवा मले कोणी साखर खाले देल्ली का? उतरवाची गोळी देल्ली. अन् इथं वाढलं म्हणतात अन् वरून तेच खाऊ घालतात. पोतं भरून सांडून राहिलं अन् हमाल वरून अजून टोपली ओतते. शिकेल लोकायचं असं असते — कागद पाहतात, माल पाहत नाई. मले त्याची कीव आली, खरं सांगतो. एवढा मोठा दवाखाना, त्याच्या खोलीत एसी, तीन पोरी हाताखाली, अन् एवढं समजत नाई. अशाच्या हातात बायको द्याची? म्हणून मी मंग सकाऊन तिच्या हातावर जे ठेवो, ते — जाऊ द्या. चहा घेता का? तो कोपऱ्यावरचा चांगला करते. नाई? मीही नाई घेत, उन्हाचा.

सांगतो. तुमी ओळखीचे नाई म्हणून सांगतो. ती गोळी मी तिले देल्लीच नाई. एक दिवस नाई. आमच्यासारख्या शुगरवाल्यायची चहात टाकाची गोड गोळी असते ना, बारीक, पांढरी — तशीच दिसते, बाजूले बाजू ठेवली तर मलेही चष्मा लागन. पहाटे पाचले उठाचं, उपाशीपोटी द्या म्हणेल हाय, अन् माही गोड गोळी तिच्या हातावर. खरी ह्या डब्बीत. हे पाहा — वाजते ऐका. फेकल्या नाई मी. औषध फेकाचं नसते. चौदा महिन्याच्या हाय, पंचवीसवाल्या वेगळ्या, पन्नासवाल्या वेगळ्या, पंच्याहत्तरवाल्या वेगळ्या, चिंधीत बांधून. आकडा मले येते, म्हटलं ना.

अन् डॉक्टर काय करे? दर तीन महिन्यानं रक्त, आकडा अजून वर. पंचवीसची पन्नासची केली, पन्नासची पंच्याहत्तरची. मी मनात हासो. म्हटलं, वाढव बाप्पा, तुह्या अकलेचंच माप निघून राहिलं. तो तिले विचारे, आजी, गोळी रोज घेता ना? ती म्हणे, घेतो ना साहेब, हे स्वतः देतात. अन् मी बाजूच्या खुर्चीवर, मान हालवत. मले वाटे, आपण वाचवून राहिलो तिले. एक माणूस हाय घरात ज्याले समजते.

पण तिचा आवाज बसला, भाऊ. गड्यामाणसासारखा घोगरा झाला. बोलता बोलता डोळा लागे. भाकर थापता थापता हात थांबे अन् तव्याकडं पाहत राहे, भाकर करपे तरी. तोंड सुजलं. मी म्हणो, हे वाढल्याचं हाय, अजून उतराचं हाय. मागच्या सोमवारी नळावर पडली. घसरली नाई, कोणी ढकललं नाई — उभी होती, बसली, अन् मंग आडवी झाली. चौघी बाया लागल्या उचलाले, अन् त्यातली एक हासली, वजनावर. मी तिचं तोंड ध्यानात ठेवलं. मंग घरी आलो, आरशात दाढी कराले बसलो, अन् अर्धी करून उठलो.

आज सकाऊन घराची चावी द्याले जयवंताकडं गेलो. शेजारीण. सरकारी दवाखान्यात नर्स होती, रिटायर झाली, कमी बोलणारी बाई. मी सहज कागद दाखवला. म्हटलं, पाहा बरं बाई, अडतीसचा एकाहत्तर झाला, तुमच्या डॉक्टर लोकायले एवढंही समजत नाई का. तिनं चष्मा लावला, पाह्यलं. म्हणे, भाऊ, हा आकडा थायरॉइडचा नाई. डोक्यातून गळ्याले हुकूम जाते, का माल दे, माल दे — त्या हुकमाचा आकडा हाय हा. गळा माल देत नाई, म्हणून हुकूम वाढते. तुमी तर मापाडी होते. तराजूचं एक पारडं वर गेलं तर दुसरं कुठं असते? मी म्हटलं, खाली. म्हणे, मंग. एवढंच. खरा माल किती हाय ते खालच्या रांगेत होतं, बारीक, तथचा बाण खाली होता. मी खालचा पाह्यलाच नव्हता. दोन्ही डॉक्टर एकच सांगत होते, भाऊ. अकोल्याचाही अन् हाही.

एकोणचाळीस वर्सं पारड्यापाशी उभा राह्यलो मी. यार्डातल्या कोणत्याही हमालाले विचारलं असतं तर त्यानं सांगतलं असतं, तंबाखू मळता मळता. मी सगळ्यायले बैताड, मूर्ख म्हणत आलो, मनातल्या मनात, वरून गोड बोलून — बाया, जावई, ऑटोवाला, डॉक्टर. यार्डात पोतं चुकीचं तोललं तर पुन्हा काट्यावर घेता येते. चौदा महिने कसे घेता येईन?

अन् आता पंचाईत अशी हाय — डॉक्टरले वाटते पंच्याहत्तरनं काम नाई केलं, आज तो अजून मोठी देईन. जयवंता म्हणे, न घेतलेल्या अंगात एकदम मोठी गोळी गेली तर ह्या वयात छातीले झेपत नाई, पयल्यापासून लहानच सुरू करा लागते. मी तिले काई विचारलं नव्हतं. तिनंच सांगतलं. म्हणजे आज तोंड उघडा लागते. ही डब्बी त्याच्या टेबलावर ठेवा लागते. तो मले मूर्ख म्हणन, म्हणू दे, म्हणाचंच हाय. पण ती बाजूच्या खुर्चीवर बसेल राहीन. ती ऐकन.

आमचा नंबर? बारा. हो, माईत हाय, आता सतरावा अंदर गेला. पाच जणायले मीच म्हटलं, तुमी जा, आमची काई घाई नाई. तिले वाटते गर्दी हाय. तुमचा अठरा ना — तुमीही जा, जा ना. नाई? काहून नाई? बरं. नका जाऊ. माह्याकडं असं पाहू नका, उठतो मी. गुडघा धरला, उठतो. नंबर पुकारणारी पोरगी बाहेर आली का सांगतो तिले, का बारावा हाय इथं. डब्बी हाय खिशात. तुमी बसा, तुमाले जे ऐकाचं होतं ते ऐकून झालं, आता तुमचं तुमी पाहा.

एकच राह्यलं, ते अंदर सांगता येणार नाई. जयवंताले मी गोळीचा एक शब्द सांगतला नव्हता. ऑटोवाला हॉर्न वाजवून राहिला होता, मी पायरी उतरलो, अन् ती दार लोटता लोटता मागून म्हणे — ‘भाऊ, गोळी गोड हाय हे तिले पयल्या दिवशीच समजलं होतं. नळावर पडली तवा सांगतलं मले. मी म्हटलं, अवं, मंग बोलली काहून नाई. तर म्हणे, एवढ्या वर्सात पयल्यांदा बुढा पाचले उठून माह्यासाठी पाण्याचा गिलास घेऊन उभा राहते. बोलली असती तर उठला असता का.’