मेमरीची जुनी पट्टी

हे माझ्या नवऱ्याला विचारू नका, तो अजून हसतोय. आमचा जुना कॉम्प्युटर लय मंद झाला, म्हणून त्यात जादा मेमरी टाकायला मी तो विटा गावातल्या दुकानात नेला.

दुकानदार म्हणाला, "वैनी, ठेवून जावा. सांजच्याला या."

"न्हाई. आमचं मालक कोइमतूरला सोनं गाळत्यात. आमच्यात माल नजरेआड करत न्हाईत," म्हणून मी स्टुलावर बसले.

त्यानं मेमरीची जुनी पट्टी काढली, नवी मोठी बसवली आणि जुनी गुपचूप ड्रॉवरमध्ये सारली.

"ती हिकडं आणा. तिच्या कडंला सोनं हाय."

"आवं, भंगार हाय ते."

"मग जपून कशाला ठेवताय?"

गड्यानं ड्रॉवर उघडला. पट्टी माझ्या हातात आली.

घरी येऊन मी नवऱ्याला फोटो धाडला. त्याचा लगेच फोन आला. "आगं, सोनं हाय खरं, पण नखाएवढं निघायला असल्या पोतंभर पट्ट्या लागत्यात."

दुसऱ्या दिवशी मला दारात बघून दुकानदार म्हणाला, "काय वैनी, चालंना व्हय?"

"कॉम्प्युटर झ्याक चाललाय," म्हणत मी पोत्याचं तोंड उघडून धरलं. "तुमचं भंगार न्यायला आलेय."