हिरोची पँट

मंगळवारी दुपारी बाराला गोरेगावच्या एका स्टुडिओत, हिरोच्या बदली उड्या मारणारा गुणाजी माडीवरून उडी मारून ताठ पायांवर उतरला. तीन वाजता तो दवाखान्यात एक्स-रेची वाट बघत बसला होता. त्याचा सुजलेला पाय बायकोच्या, शेवंतीच्या, मांडीवर होता. त्याला स्टुडिओतून घेऊन आलेला मी समोरच्या बाकावर होतो.

"अहो, नव्या पोरांना तुम्हीच सांगता ना, गुडघे वाकवा म्हणून?"

"सांगतो. कॅच घेताना हात मागे नेतो, तसंच ते. गुडघे वाकले की अंग हळूहळू थांबतं. ताठ उतरलं की सगळा दणका एकदम हाडावर."

"मग आज काय झालं?"

"पँट हिरोची. त्याच्या मापाची, अगदी घट्ट. वाकलो असतो तर फाटली असती. एकच होती गं, आणि त्याचा क्लोजअप बाकी होता."

"वाचली?"

"एक टाका उसवला नाही."

"शाब्बास! घट्ट आहे ते आजच कळलं?"

"काल. घालून बघितली तेव्हा."

"मग घरी आणायची ना! शिवण सैल करून दिली असती मी."

"दिवसभर मशीनवर असतेस. म्हटलं, आणखी काम नको."

"येडे आहात."

"हाड मोडलं असेल तर उड्या संपल्या, शेवंती."

"मग बसा माझ्या शेजारी, काजं करायला. इथे दुखतंय?"

"तुझा हात आहे तिथे नाही."

साडेतीनला वॉर्डबॉय सांगून गेला की फिल्म धुऊन झाली आहे, पण अजून ओली आहे. वाळली की डॉक्टर बघतील.